ओठामागचा पडदा : कापायचा केव्हा आणि थांबायचे केव्हा?

नमस्कार. ‘पुढच्या दोन दातांत फट आहे, तेवढा पडदा कापून टाका की डॉक्टर,’ असे म्हणत कोल्हापुरातले अनेक पालक सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन येतात, आणि त्यांपैकी पुष्कळांना मला आधी थांबायलाच सांगावे लागते.

वरचा ओठ उचलला की मधोमध हिरडीकडे उतरणारी जी पातळ घडी दिसते, तिला फ्रेनम म्हणतात; पालक म्हणतात तो पडदा हाच. ती प्रत्येकालाच असते. ती कुठवर उतरली आहे हे महत्त्वाचे. १९७४ साली प्लाचेक आणि सहकाऱ्यांनी तिचे चार प्रकार मांडले. त्यांतले शेवटचे दोन, म्हणजे घडी दातांमधल्या हिरडीच्या टोकाला चिकटणे किंवा ते ओलांडून टाळूकडे जाणे, हेच बहुधा त्रास देतात. उजेडात मुलाचा ओठ हलकेच पुढे आणि वर ओढून पाहा. हिरडीचे ते गुलाबी टोक पांढरे पडले किंवा हलले, तर घडी हिरडीला ताण देते आहे. अशा जागी ब्रश नीट फिरत नाही आणि हिरडी दातावरून मागे सरकू लागते.

तरीही घाई नको. वरचे सुळे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतात आणि त्यांच्या रेट्याने ही फट बरेचदा आपोआप मिटते. कधी हाडात लपलेला जादा दातच फटीचे कारण असतो, म्हणून एक्स-रे आधी काढावा. तारा लावायच्या असतील तर सहसा आधी फट मिटवावी आणि मगच पडदा काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण उलट केल्यास मध्ये तयार होणारा घट्ट व्रण दातांच्या आड येऊ शकतो.

शस्त्रक्रिया छोटी आहे. जागा बधिर करून घडी चिमट्यात धरतात, दोन्ही बाजूंनी छेद देऊन त्रिकोणी तुकडा काढतात, हाडाला धरून राहिलेले तंतू सोडवतात आणि टाके घालतात. ते साधारण आठवड्याने काढतात, तोवर मिसळ आणि तांबडा रस्सा बंद. लेझरने रक्त कमी येते, टाकेही बहुधा लागत नाहीत.

जिभेखालचा पडदा आखूड असला तर बाहेर काढलेल्या जिभेचे टोक पत्त्यांतल्या बदामासारखे खाचलेले दिसते आणि ‘र’, ‘ल’ उच्चारायला जड जाऊ शकतात. तिथे लाळेच्या नलिकांची तोंडे अगदी लागून असल्याने हात जपून चालवावा लागतो. जखम भरताना जीभ पुन्हा आखडू नये म्हणून तिचे टोक वरच्या दातांमागे टेकवण्याचा आणि ओठांवरून फिरवण्याचा व्यायाम काही आठवडे, दिवसातून अनेकदा, आईवडिलांनी समोर बसून करून घ्यावा लागतो.