सुनेला ऐकू जाणारी प्रार्थना

(पुण्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

ख्रिस्ती घरात कलह असला की संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत सासूच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं : "प्रभू, या घरातल्या सर्वांना नम्रता दे." 'सर्वांना' म्हणजे कोणाला, हे सुनेला बरोबर कळतं. तिची प्रार्थना करायची वेळ आली की ती म्हणते, "वडीलधाऱ्यांना समंजसपणा दे." दोघींचे डोळे मिटलेले, हात जोडलेले आणि भांडण चालूच. देवाचं नाव घेऊन माणसाला मारलेला हा टोमणा आहे; मी याला प्रार्थना म्हणायला तयार नाही. ज्याच्याशी वाजलं आहे त्याच्या वागण्याबद्दल त्याच्या देखत मोठ्याने प्रार्थना करायची नाही. एकत्र बसणं मात्र मोडू नका. तेवढे दिवस एक स्तोत्र वाचा, प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा. शब्द आधीच ठरलेले असले की त्यांत कोणाला टोमणा घुसवता येत नाही.

याचीच बहीण म्हणजे 'प्रार्थनेचा विषय'. "बाहेर बोलू नका हं, फक्त प्रार्थनेसाठी सांगते," असं म्हणून निघालेला विषय सकाळी वानवडीत असतो आणि रात्री पिंपरीत. "एका घरातल्या समेटासाठी" एवढं म्हटलं तरी पुरतं. देवाला फ्लॅट नंबर लागत नाही.

मग मनातली आग न्यायची कुठे? एकांतात, आणि तिथे सभ्य भाषेची सक्ती नाही. बायबलमधलं 55वं स्तोत्र काढा. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण हा तर माझा सोबती, आम्ही बरोबर देवाच्या मंदिरात जात होतो, अशी ती तक्रार आहे. आधी पंख फुटून उडून जावंसं वाटतं, पुढे राग इतका चढतो की त्यांना मरण गाठो, इथवर मजल जाते. 17व्या वचनात स्तोत्रकर्ता संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी देवापुढे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे एका बैठकीत त्याचं भागलेलं नाही. आपण हा टप्पा गाळतो आणि थेट "मी त्याला क्षमा केली" म्हणतो. गाळलेला राग मग स्वयंपाकघरात भांड्यांवर निघतो.

वही घेऊन बसलात तर उत्तम. काय घडलं ते एका वाक्यात लिहा. त्यात 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द चालणार नाहीत. "तो नेहमीच अपमान करतो" हा निकाल झाला, "रविवारी जेवताना तो माझ्या माहेराबद्दल असं बोलला" ही घटना. मग मला काय वाटलं, देवाकडे काय मागतो, आणि शेवटी आज माझ्या हातात काय आहे. या शेवटच्या ओळीत समोरच्याचं नाव कर्ता म्हणून आलं, तर ओळ खोडून पुन्हा लिहा. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात (रोम 12:18) प्रेषित पौल 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितकं' अशा दोन अटी घालतो. शांती दोघांच्या हाती असते, तुमचा वाटा तेवढा तुमचा.

पुढची पायरी मत्तय 18:15 ची : आधी एकट्याने, त्यालाच जाऊन सांगा. आपल्याकडे क्रम नेमका उलटा. आधी मावशी, मग मंडळीतले चार जण, मग पाळकसाहेब, आणि ज्याने दुखावलं त्याला सगळ्यात शेवटी, तेही व्हॉट्सॲपवर. समोरासमोर भेटा, एकच घटना घ्या, मागची दहा वर्षं उकरू नका. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात तर मुळीच नको. तिथे दोघांनाही प्रेक्षक असतात. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर न्यायचं, पण ते दोघांनाही मान्य असणारे हवेत. आपल्या बाजूचे दोन भाऊ नेले की त्याला साक्ष म्हणत नाहीत, मोर्चा म्हणतात.

मारहाण असेल तिथे मात्र हा क्रम लावू नका. बाईला "एकटी जाऊन बोल, सहन कर, प्रार्थना कर" असं सांगून परत पाठवणारे लोक वचनाचा गैरवापर करतात. शौल राजाचा भाला दावीदाने दोनदा चुकवला आणि पुढे पुन्हा भाला आला त्या रात्री तो पळून गेला. नंतर शौल हाती सापडला तेव्हा त्याने सूड घेतला नाही, ही क्षमा. शौल "परत ये" म्हणाला तरी तो परत गेला नाही, हेही 1 शमुवेलाच्या त्याच 26व्या अध्यायात आहे. यरुशलेमची भिंत बांधणाऱ्या नहेम्याने प्रार्थना केली आणि पहाराही बसवला. दोन्ही एकाच वचनात, 4:9. आज पहारा म्हणजे 112, महिलांसाठी 181, आणि 2005चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, जो स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो.

दारूचंही तसंच. रोज भरपूर पिणाऱ्याला उपवास-प्रार्थनेला बसवून एका रात्रीत दारू तोडायला लावणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, पुढच्या दोन दिवसांत भ्रम आणि थरथर. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे जाण्याने विश्वास कमी पडत नाही. घरच्यांनी प्रार्थना करावी, आणि "त्यांना ताप आहे" असं ऑफिसला खोटं सांगणं बंद करावं. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड जातं.

राहिला घराचा वाटा. वडील गेल्यावर भावंडं एकमेकांसाठी प्रार्थना करतात आणि बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही मागतात. मृत्युपत्र नसेल तर 1925च्या वारसा कायद्याने ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलगे आणि मुली यांना सारखं. लग्न झालेल्या मुलीलाही. हे आधी सर्वांना माहीत असेल तर निम्मे वाद सुरूच होत नाहीत. आईवडील हयात आहेत त्यांनी मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदारांसमोर. ज्याला वाटा द्यायचा आहे त्याची किंवा त्याच्या पती-पत्नीची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका, नाहीतर त्याला लिहून दिलेलं तेवढं बाद होतं.