उजेडावर चालणारा रिॲक्टर, पण वीज कुठली?

नमस्कार मंडळी. अमोनियाचा भाग टाकल्यापासून खाली एकच मागणी चाललीये: ‘तो अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा माणूस सूर्यप्रकाशावर हायड्रोजन बनवतो, त्यावर बोला.’ बोलतो. पण या वाक्यातच एक घोळ आहे आणि आजचा निम्मा वेळ त्यातच जाणार आहे.

माणूस म्हणजे ट्रेव्हर बेस्ट. सुमन खतिवडा यांना सोबत घेऊन त्यांनी सिझिजी प्लाझ्मॉनिक्स ही कंपनी काढली. मूळ संशोधन राइस विद्यापीठातल्या नाओमी हालास आणि पीटर नॉर्डलँडर यांचं. सिझिजी म्हणजे तीन खगोल एका ओळीत येणं, ग्रहणात येतात तसे. यांच्या रिॲक्टरमध्ये, म्हणजे अभिक्रिया घडवायच्या भांड्यात, उत्प्रेरकाच्या मदतीने अमोनिया फोडून हायड्रोजन काढतात; उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, ते शाळेत झालंय. पुढे.

आता हा सूर्यप्रकाश. अहो, आत सूर्य नाहीये! आत एलईडी आहेत. तुमच्या छताला लावता त्याच जातीचे, फक्त भरपूर. आणि एलईडी विजेवर चालतो. सूर्य संध्याकाळी घरी जातो, रिॲक्टर चोवीस तास चालवायचा असतो, म्हणून एलईडी. हा निर्णय शहाणपणाचाच आहे. माझा राग मथळे लिहिणाऱ्यांवर आहे.

उजेड नेमकं करतो काय? तांब्याचा अतिसूक्ष्म कण घ्या, काही नॅनोमीटरचा. त्याच्यावर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन एका लयीत हलायला लागतात. भरलेली बादली उचलून चालताना पाणी कसं डचमळतं, तसं. याला प्लाझ्मॉन म्हणतात. हा कण झाला अँटेना. याच कणाच्या पृष्ठभागावर लोखंडाचे किंवा रुथेनियम नावाच्या धातूचे अणू विखुरलेले असतात. अँटेनाने गोळा केलेली ऊर्जा तिथे पोचते आणि खरी रसायनक्रिया त्यांच्यावर होते.

इथे लोखंडाची गंमत सांगतो. अमोनिया फोडला की हायड्रोजन पटकन निघून जातो, पण नायट्रोजन लोखंडाला चिकटून बसतो. बसच्या दारात एक जण उभा राहिला की मागचे सगळे खाली, तशी गत. म्हणून नुसत्या उष्णतेवर हे काम करायला रुथेनियम लागायचं, आणि ते दुर्मीळ आणि महाग. 2022 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात या मंडळींचा शोधनिबंध आला. एलईडीच्या उजेडात तांबं-लोखंड जवळजवळ तांबं-रुथेनियमच्या तोडीस तोड चाललं! मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली खरी बातमी ही आहे.

एकाने लिहिलंय, ‘हे तर दिव्याने तापतंय, बाकी काही नाही.’ हसू नका. एम.एस्सी.ला मी हॅलोजन दिव्याखाली चंचुपात्र ठेवलं, अभिक्रिया धडाधड वाढली, मी वहीत ‘प्रकाशाचा परिणाम’ असं लाल शाईने लिहून दोनदा अधोरेखित केलं. सरांनी काही न बोलता पात्रात थर्मामीटर बुडवला. 64 अंश. तीच वही आज या टेबलावर आहे, हे पान बघा. तर हा वाद क्षुल्लक नाही. हालास-नॉर्डलँडर यांच्याच गटाने 2018 मध्ये ‘सायन्स’मध्येच उष्णतेचा वाटा किती आणि इलेक्ट्रॉनांचा किती हे मोजून छापलं, आणि 2019 मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात त्या मोजमापावरच बोट ठेवलं.

आता परत वीजबिल. हो, परत!

‘उत्प्रेरक आहे ना, मग ऊर्जा कमी लागेल.’ नाही. उत्प्रेरक म्हणजे घाटातला बोगदा. घाटमाथ्यावरचा वळसा वाचतो, पण तुमचं गाव उंचावर असेल तर तेवढं चढावं लागतंच. अमोनिया फोडणं ही उष्माग्राही, म्हणजे ऊर्जा शोषून घेणारी, क्रिया आहे, गाव उंचावरच आहे.

पटत नसेल तर पाटीवर करू. 1 किलो हायड्रोजन काढायला अमोनिया किमान 4.2 युनिट ऊर्जा मागतो. समजा एलईडीने निम्म्या विजेचा उजेड केला आणि त्यातला एकही कण वाया गेला नाही. झाली 8.4 युनिट. कोळशाच्या विजेत युनिटमागे साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. म्हणजे साडेआठ किलोच्या आसपास. आणि नैसर्गिक वायूपासून नेहमीच्या पद्धतीने हायड्रोजन करताना किती निघतो? किलोमागे 9 ते 10 किलो. बघा बरं! शिवाय मुळात तो अमोनिया बनवताना काय निघालं ते मी धरलेलंच नाही.

हीच वीज पवनचक्कीची असेल तर चित्र पूर्ण पालटतं. कारण नेहमीच्या कारखान्यात 800-900 अंश गाठायला भट्टीत वायू जाळतात, नळ्या बाहेरून तापवतात, त्यासाठी महागडे मिश्रधातू लागतात. उजेड थेट उत्प्रेरकावर पडतो, त्यामुळे ती भट्टीच नको. काच आणि ॲल्युमिनियमवर काम भागतं. बटण बंद केलं की उजेड बंद. भट्टीला तशी सवय नसते, ती तापायलाही वेळ घेते आणि थंड व्हायलाही.

ते ‘काका, माझ्या ट्यूबलाइटखाली अमोनिया ठेवू का’ विचारणारे गृहस्थ: नका ठेवू. डोळे चुरचुरतील, नुसता वास येत राहील, आणि घरचे तुम्हाला बाहेर काढतील ते वेगळं.

मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र घालून वायू काढायचा प्रकार, म्हणजे ड्राय रिफॉर्मिंग, पुढच्या भागात घेतो. तिथे तर चढ आणखी मोठा आहे, प्रत्येक मोल, म्हणजे साधारण 16 ग्रॅम, मिथेनमागे 247 किलोज्यूल. तोवर अशी कुठली बातमी दिसली तर त्यात वीज कुठून येते ते लिहिलंय का बघा, आणि लिहिलं असेल तर ती ओळ खाली चिकटवा. मला अजून दोनच सापडल्यात.