नाव, नंबर, पिनकोड

(दृश्य: जळगावजवळचा महामार्ग, सकाळ. शोरूमचं शटर वर जातं. एक पोरगा गाड्यांवर फडकं मारतोय.)

निवेदन:
सकाळचे साडेनऊ. आतल्या छोट्या खोलीत टेलिकॉलर ताईंनी कॉम्प्युटर सुरू केलाय. रात्रीतून सतरा एन्क्वायऱ्या येऊन पडल्यात. इथल्या बोलीत 'लीड'. नाव, नंबर, पिनकोड, मॉडेल. बस्स, एवढंच.

पण वेळेचा रकाना बघा. रात्री 11 वाजून 42 मिनिटं. गाव सावद्याकडचं. जेवणं उरकलीत, अंगणात खाटेवर पडल्या पडल्या कुणीतरी मोबाईलवर गाडीचे फोटो चाळले. पांढरी बघितली, लाल बघितली, शेजारी बसलेल्या पोराला दाखवली आणि 'ऑन-रोड किंमत' लिहिलेल्या बटणावर बोट ठेवलं. त्या घटकेला तो माणूस मनानं स्टिअरिंगवर बसलेला होता. आत्ता साडेनऊला तो केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघतोय. अनोळखी नंबर दिसला की तो फोन उचलत नाही.

(दृश्य: ताईंच्या कानाला हेडफोन. रिंग वाजतेय. कुणी उचलत नाही.)

2011 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त एक अभ्यास छापून आला होता. अमेरिकेतल्या 2,241 कंपन्यांना ऑनलाइन चौकशा पाठवून पाहिल्या. तासाच्या आत उत्तर देणाऱ्या कंपन्या निघाल्या 37 टक्के. 23 टक्क्यांनी उत्तरच दिलं नाही. आणि त्याच लेखातल्या दुसऱ्या एका पाहणीत, तासाभरात फोन करणाऱ्यांची, निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं होण्याची शक्यता, त्यानंतर तासभरानं फोन करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती.

आता हे गणित सावद्याला जसंच्या तसं लावू नका. रात्री पावणेबाराला शोरूममधून बाईचा फोन गेला, तर गाडी राहील बाजूला, घरात वेगळीच चौकशी सुरू होईल. पण व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी जाऊ शकतात. 'तुमची विचारणा मिळाली. किंमतीचा कागद सोबत आहे. सकाळी किती वाजता फोन करू?' ताईंनी हेच सुरू केलंय. आता लोक वेळ कळवतात. सकाळी नऊच्या आधी नाहीतर दुपारी जेवायला घरी आल्यावर. मग रिंग वाया जात नाही.

आणि किंमतीचा कागद म्हणजे किंमतीचाच. इथं थोडं थांबू, कारण खरी मेख इथं आहे. मी स्वतः एकदा एका शोरूमला अशीच ऑन-रोड किंमत विचारली होती. दोन दिवसांनी फोन आला, "सर, शोरूमला या, बसून बोलू." पुढच्या आठवड्यात तिथूनच आणखी तिघांचे फोन आले. किंमत एकानंही सांगितली नाही. अहो, लपवण्यासारखं त्यात आहे काय? एक्स-शोरूम किंमत जाहीर असते. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 11 टक्के, डिझेलला 13. सप्टेंबर 2018 पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. गाडी दहा लाखांच्या वर गेली की एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा आयकर. राहिले रजिस्ट्रेशन आणि फास्टॅग. ही बेरीज पाच मिनिटांची. घासाघीस होते ती डिस्काउंटवर आणि सीट कव्हरवर, आणि ती करायला गिऱ्हाईक आपल्या पायानं येतंच.

(दृश्य: स्क्रीन. पिनकोडचा रकाना जवळून.)

पुढचं लीड, 425405. इथल्या सॉफ्टवेअरला 425 दिसलं की ते जळगावच्या खात्यात टाकतं. पण हे शिरपूर. जिल्हा धुळे, पासिंग एमएच 18. ताईंनी फोन लावला, तर पलीकडून खणखणीत अहिराणी:

"ताई, गाडी कितलाले पडी, ते सांगा."

ताईंनी आकडा सांगितला, आणि धुळ्याची शाखा तुम्हाला जवळ पडेल हेही सांगितलं. मॅनेजरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. लीड धुळ्याला गेलं की इथं ते 'लॉस्ट'मध्ये मोजतात. उलट चाळीसगाव. जिल्हा जळगाव, पिनकोड 424101, आणि लोकांना सोयीचं धुळं. टपालखात्यानं आकडे दिले ते पत्रं वाटायला. त्यावर गिऱ्हाइकं वाटली जातील हे त्या बिचाऱ्यांच्या गावीही नसेल.

(दृश्य: शोरूमच्या दाराला झेंडूचं तोरण.)

2025 चा सप्टेंबर मात्र या खोलीतलं कुणी विसरणार नाही. तीन तारखेला जीएसटी कौन्सिलचा निर्णय झाला. छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर, वरचा सेसही गेला. लागू होणार 22 पासून. मधे आख्खा पितृपक्ष. तसंही त्या पंधरवड्यात गाडी घरी नेणारा विरळाच. पण फोन? दिवसभर एकच प्रश्न, "बावीसनंतर कितीला?" आणि 22 ला नेमकी घटस्थापना. एरवी पंधरवडाभर माश्या मारत बसणारी खोली त्या दिवसांत पाणी प्यायला उठत नव्हती.

आता शेवटचा रकाना. 'गाडी कधी घेणार?' पर्याय तीन. पंधरा दिवसांत, महिन्यात, तीन महिन्यांत. सावद्याचे काका दुपारी जेवायला घरी आले, फोन उचलला आणि म्हणाले, "केळी कापली की घेऊ." हे कुठं भरायचं? सॉफ्टवेअर म्हणतं, कोल्ड. पण ज्याची गाडी केळीच्या भावावर ठरते, त्याला कोल्ड म्हणणारा माणूस रावेर-यावलकडे कधी फिरकलेला नसावा.

ताईंच्या ड्रॉवरमध्ये एक वही आहे. शाळेची, दुरेघी. तीत तारखा कमी आणि वायदे जास्त. 'कापूस विकल्यावर.' 'मुलीचं लग्न झालं की.' 'आखाजीला', म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सावद्याच्या काकांपुढे 'मृगबाग', म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावलेली केळी; पावसाळ्यानंतर लावतात ती कांदेबाग. सगळं शिसपेन्सिलीनं.

(दृश्य: काही महिन्यांनंतर. तीच खोली. वही उघडी.)

"काका, नमस्कार. जळगावहून बोलतेय. बाग कापला का?"

"कापला ना ताई. पण भाव असा मिळाला, काय सांगू. मजुरी वजा जाता हातात काही राहिलं नाही."

"बरं काका. मग?"

"मग काय, आता कांदेबागेचं बघू."

ताई खोडरबर घेतात, 'मृगबाग' पुसतात आणि त्याच जागी लिहितात, 'कांदेबाग'.