बँडचा घरचा सराव: साथीचा ट्रॅक कसा वापरावा?

नमस्कार. बँडमध्ये ट्युबा हे खालच्या सुरांचे मोठे फुंकवाद्य वाजवणारा विद्यार्थी घरी एकटा सरावाला बसतो तेव्हा त्याच्या वाट्याला नेमके काय येते, याचा आपण शिक्षक म्हणून फारसा विचार करत नाही. पहिल्या मात्रेवर एक सूर, मग विश्रांती, तिसऱ्या मात्रेवर दुसरा सूर, पुन्हा विश्रांती, आणि हेच पानभर. संपूर्ण बँड वाजत असताना याच सुरांवर सगळी रचना उभी असते. परंतु बंद खोलीत ते सुटे आणि अर्थहीन वाटतात. दुसऱ्या क्लॅरिनेटचे आणि हॉर्नचेही बरेचसे असेच असते. असा विद्यार्थी सराव टाळू लागला की आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो, पण पुष्कळदा अडचण एवढीच असते की हाती दिलेल्या पार्टमध्ये, म्हणजे त्याच्या वाद्यापुरत्या लिहिलेल्या सुरांत, त्याला संगीत ऐकू येत नाही. साथीचा ट्रॅक, म्हणजे बाकीच्या वाद्यांचे ध्वनिमुद्रण, लावला की आपला सूर कोणाच्या शेजारी बसतो, हे त्याला घरीच कळते, आणि सरावाची गोडी तिथून लागते. म्हणून ट्रॅक निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: या ट्रॅकमुळे विद्यार्थी अधिक लक्षपूर्वक ऐकणार आहे का?

ही कल्पना बरीच जुनी आहे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये ‘म्युझिक मायनस वन’ या कंपनीने एक वाद्य मुद्दाम गाळलेल्या तबकड्या काढायला सुरुवात केली. गाळलेली जागा ऐकणाऱ्याने स्वतः वाजवून भरायची असे. १९६७ साली सॅक्सोफोनवादक आणि शिक्षक जेमी एबरसोल्ड यांनी जॅझ शिकणाऱ्यांसाठी अशीच मालिका सुरू केली. त्या मालिकेत स्टिरिओच्या एका बाजूला बास आणि दुसऱ्या बाजूला पियानो ठेवण्याची पद्धत रूढ झाली, त्यामुळे पियानो शिकणाऱ्याला पियानोची बाजू बंद करून बासच्या साथीने वाजवता येई. तबकडीची आणि टेपची एक मोठी अडचण मात्र होती: गती कमी केली की सूरही खाली उतरत असे, आणि गती निम्मी केली तर तो थेट एक सप्तक खाली जात असे. आज साध्या ॲपमध्येही सूर न बदलता गती कमी करता येते. नवशिक्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने याहून मोठी सोय नाही, कारण रचनेतला सर्वांत अवघड बार (ठरावीक मात्रांचा एक गट) ज्या गतीत स्वच्छ वाजतो, तीच त्या दिवशीची संपूर्ण रचनेची गती असायला हवी.

पुढे जाण्यापूर्वी पट्टीबद्दल एक खुलासा करतो, कारण घरी ट्रॅक लावल्यावर पहिला घोटाळा बहुधा इथेच होतो. ट्रॅक ‘कॉन्सर्ट बी फ्लॅट’ पट्टीत, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या बी फ्लॅटच्या पट्टीत असेल, तर बासरी बी फ्लॅटच वाजवते. परंतु काही वाद्यांसाठी तोच सूर कागदावर वेगळ्या नावाने लिहितात: ट्रंपेट आणि बी फ्लॅट क्लॅरिनेट यांच्या कागदावर तो सूर ‘सी’ असतो, अल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर ‘जी’ आणि हॉर्नच्या कागदावर ‘एफ’. शिक्षकाने ट्रॅकच्या नावातच प्रत्येक वाद्याचा सुरुवातीचा सूर लिहून दिला, तर विद्यार्थ्याचा पहिलाच प्रयत्न बेसूर होऊन त्याचा हिरमोड होत नाही.

[पडद्यावर: पाचही वाद्यांसाठी लिहिलेला एकच सूर]

आता मला सर्वांत प्रिय असलेल्या ट्रॅककडे येतो. त्यात धून नसते आणि तालही नसतो. केवळ लांब धरलेले, सावकाश बदलणारे आधारसूर असतात. विद्यार्थ्याने कॉन्सर्ट बी फ्लॅट हा एकच सूर धरायचा, आणि त्याच्या खाली ट्रॅकने आधी बी फ्लॅट, मग जी, मग ई फ्लॅट आणि शेवटी जी फ्लॅट द्यायचा. विद्यार्थ्याची बोटे हलत नाहीत, तरीही तोच सूर आधी षड्ज असतो, मग कोमल गंधार होतो, मग पंचम होतो आणि शेवटी शुद्ध गंधार होतो. लांब सुरांचा सराव कंटाळवाणा असतो अशी तक्रार करणारी मुले हा प्रयोग पुन्हा पुन्हा मागतात, कारण आपण काहीच न बदलता आपल्या सुराचा रंग बदलतो, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवते.

या प्रयोगात सुरेलपणाचे शिक्षणही आपोआप होते. दोन सूर जवळजवळ जुळलेले असतील, पण पूर्ण जुळलेले नसतील, तर आवाज लाटेसारखा चढतो आणि उतरतो; एक सूर ४४० हर्ट्झचा आणि दुसरा ४४२ हर्ट्झचा असेल तर सेकंदाला २ लाटा ऐकू येतात. ओठांचा ताण किंचित बदलून ती लाट मंद करत नेणे आणि अखेर थांबवणे, हे काम ट्यूनर या सूर मोजणाऱ्या उपकरणाच्या काट्याकडे पाहण्यापेक्षा कितीतरी अधिक शिकवते. शुद्ध गंधाराच्या वेळी तर काटा दिशाभूलच करतो. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले, तर त्यातील एका भागाला सेंट म्हणतात. लाटा न उठणारा गंधार हा पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, आणि कोमल गंधार पियानोच्या सुरापेक्षा सुमारे १६ सेंट वर असतो. म्हणून असा ट्रॅक तयार करताना त्यात केवळ षड्ज आणि पंचम ठेवावेत, आणि गंधाराची जागा विद्यार्थ्यासाठी मोकळी सोडावी. ट्रॅकमध्ये पियानोचा गंधार आधीच वाजत असेल, तर योग्य जागी गेलेला विद्यार्थी त्याच्याशी भांडत राहतो आणि स्वतःलाच चूक समजतो.

वाद्य गरम होण्यापूर्वी मात्र ट्रॅकशी सूर जुळवू नये. वाद्यातील हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की फुंकवाद्याचा सूर साधारण ३ सेंट चढतो. त्यामुळे थंड वाद्य ट्रॅकपेक्षा खाली वाजते आणि काही मिनिटांनी आपोआप वर येते. बँडमध्ये सगळी वाद्ये एकत्र गरम होतात, पण ट्रॅक जागचा हलत नाही, हा फरक विद्यार्थ्याला स्पष्ट सांगितला पाहिजे.

लयीच्या बाबतीत ट्रॅकचा जो गुण आहे, तोच त्याचा धोकाही आहे. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही, म्हणून एका चुकीच्या सुरापाशी अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची सवय मोडते, आणि ही सवय मोडणे बँडमध्ये अत्यंत आवश्यक असते. परंतु रोज भरगच्च ट्रॅकसोबत वाजवणारा विद्यार्थी हळूहळू त्याच्या पाठीमागे चालायला शिकतो. ड्रमचा ठोका ऐकू आला की मग तो सूर काढतो, आणि ट्रॅक बंद होताच त्याची लय सैल पडते. यावर मला एकच खात्रीचा उपाय माहीत आहे: ट्रॅकमध्ये शांततेच्या जागा तयार कराव्यात.

[इथे ऐकवावे: ४ बार साथ, २ बार शांतता, पुन्हा साथ]

ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्राममध्ये ट्रॅकचा हवा तो तुकडा निवडून तो निःशब्द करता येतो. सुरुवातीला ४ बार साथ आणि २ बार शांतता ठेवावी. ते जमले की शांतता ४ बारांची करावी आणि पुढे ८ बारांची. साथ पुन्हा येते त्या क्षणी विद्यार्थ्याला स्वतःच कळते की तो पुढे पळाला, मागे राहिला की बरोबर जागेवर आहे. शिक्षकाने काहीही न सांगता मिळणारे हे उत्तर इतके स्पष्ट असते की मुले त्याचा खेळ करतात, आणि त्या खेळात लय त्यांच्या अंगात उतरते.

नवीन बोटबदल, जिभेचा नवा आघात किंवा अवघड उडी शिकताना मात्र ट्रॅक पूर्ण बंद ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. अशा वेळी विद्यार्थ्याला थांबण्याची, एकच सूर दहा वेळा तपासण्याची मुभा हवी असते, आणि ट्रॅक ती देत नाही. काही ॲप सूर आणि वेळ तपासून गुण देतात. त्यांचा उपयोग आहे, पण आवाजाचा पोत आणि श्वासाची वाक्यरचना यांबद्दल त्या गुणांना फारसे बोलता येत नाही, हे पालकांनाही सांगून ठेवावे.

ट्रॅकचा आवाज नेहमी वाद्याच्या आवाजापेक्षा थोडा कमी असावा. हेडफोन वापरायचा असेल तर एक कान मोकळा ठेवावा, नाहीतर स्वतःचा आवाज हाडांतून दबलेला आणि खोटा ऐकू येतो. ब्लूटूथच्या विलंबाबद्दल बरेच शिक्षक चिंतेत असतात. केवळ ट्रॅक ऐकून वाजवताना तो बाधत नाही, कारण सगळा ट्रॅक सारखाच उशिरा येतो. रेकॉर्ड करताना किंवा ॲपकडून वेळ तपासून घेताना मात्र तो विलंब विद्यार्थ्याच्या माथी चूक म्हणून मारला जातो, म्हणून तेव्हा तारेचा हेडफोन घ्यावा.

ट्युबाच्या त्या विद्यार्थ्यासाठी तयार ट्रॅक मिळेलच असे नाही, पण तो आपण बनवू शकतो. म्युझस्कोर या मोफत प्रोग्राममध्ये रचना भरावी, ट्युबाचा आवाज बंद करावा, आणि एकच रचना मिनिटाला ६०, ७२ आणि ८४ ठोके अशा तीन गतींत काढून द्यावी. प्रकाशित रचना अशा प्रकारे वाटण्यापूर्वी हक्कधारकांची परवानगी लागते का, हे पाहून घ्यावे. प्रत्येक ट्रॅकच्या आधी दोन बारांची मोजणी असायलाच हवी. चार मात्रांची रचना चौथ्या मात्रेवरच सुरू होत असेल, तर विद्यार्थ्याला सुराआधी ७ ठोके ऐकू येतील आणि आठव्या ठोक्यावर त्याला वाजवायचे असेल. हे कागदाच्या माथ्यावर लिहून द्यावे, आणि श्वास सातव्या ठोक्यावर घ्यायचा आहे, हेही तिथेच लिहावे.