सीलला दोष देण्याआधी

मंडळी, मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचे ऑइल सील, म्हणजे आतले तेल अडवणारी रबरी कडी, कशी टिकवावी, हा आजचा जाहीर विषय आहे आणि तो मी सांगणारच आहे. पण तीन वर्षे मनात असलेली एक तक्रार आधी मांडू द्या.

त्या पावसाळ्यात पांधण रस्त्याने शेतात रोजचे जाणे-येणे होते. आपली काळी माती ओली असताना चाकाला धरते आणि वाळली की खापरासारखी कडक होते, हे तुम्हाला सांगायला नको. पोळ्याच्या सुमारास शॉकअपच्या डाव्या पाइपवर, म्हणजे सीलमधून सरकणाऱ्या चकचकीत नळीवर, तेलाचे कडे दिसू लागले. तालुक्याच्या गॅरेजात सील बदलले, पंधरा दिवसांत तेल पुन्हा आले. दुसऱ्यांदा बदलले, तरी तेच झाले. दोन्ही वेळा ‘सील हलके निघाले’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी मीच धूळ अडवणारे वरचे डस्ट सील वर सरकवले, पाइप ओल्या फडक्याने पुसला आणि त्यावरून अंगठ्याचे नख फिरवले. सीलच्या दोन बोटे वर नख अडकले. तिथे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असा गंजाचा खड्डा होता आणि त्याच्या कडेचा क्रोम उचलला गेला होता. रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला ती धार सीलच्या ओठावरून जात होती. हा ओठ रबराचा, पातळ असतो. बारीक गोल स्प्रिंग त्याला पाइपवर आवळून धरते, म्हणून तेल आत राहते. त्याने अशा धारेपुढे किती दिवस टिकावे? पाइपकडे कोणी पाहिलेच नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

बैलाच्या खुरात खडा रुतला तर पोळ्यापर्यंत कोणी थांबत नाही. ज्याखाली असा गंज धरतो, तो गाडीचा चिखल मात्र आपण दसऱ्याच्या धुण्यापर्यंत ठेवतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून उरलेले भराभर सांगतो. पाइपवरचा चिखल त्याच संध्याकाळी भरपूर पाण्याने भिजवून पुसावा. कोरड्या फडक्याने घासू नये आणि पाण्याची जोरदार धार सीलवर मारू नये. तेल नुकतेच दिसू लागले असेल, तर पातळ प्लास्टिकची आकडेदार पट्टी सीलखाली हलकेच फिरवून अडकलेला कण बाहेर काढावा. कित्येकदा तेवढ्याने गळती थांबते. बारीक खड्ड्याची धार १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून मोडावी. खड्डा मोठा असेल किंवा पाइप वाकलेला असेल, तर नवे सील घालण्यात अर्थ नाही. सील दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे आणि बसवताना पाइपच्या टोकावर तेल लावलेली प्लास्टिकची पिशवी चढवावी, म्हणजे ओठ कापत नाही. फोर्क ऑइल, म्हणजे शॉकअपमधले तेल, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच भरावे, कारण जास्त भरले की आत हवेला जागा कमी उरते आणि दाब सीलवर येतो. तेल ओघळून ब्रेकच्या डिस्कपर्यंत पोहोचले असेल, तर गाडी तिथेच उभी करावी. डिस्क साफ करता येते, तेल प्यालेले ब्रेक पॅड मात्र बदलावेच लागतात.