नाल किती, हे कोण ठरवतं?

मंडळी, नमस्कार. संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला ग्रंथालयाने ऑनलाइन कॅसिनो आणि त्यांच्यावरचा कर यांवर बोलायला बोलावलं, तेव्हा घरात सगळ्यांना शंका आली की मास्तर म्हातारपणी कुठे बसायला लागले. तर आधीच सांगतो, मी खेळत नाही. पण ज्यांना गणिताची आवड आहे त्यांना जुगाराकडे डोळेझाक करता येत नाही. संभाव्यतेचं शास्त्रच मुळी फाशांच्या पटावर जन्मलं.

सुरुवात आपल्या माणसांपासून करू. मी लहानपणी गिरणगावात वाढलो. आमच्या चाळीखालच्या टपरीवर मटक्याचा रायटर, म्हणजे पैसे घेऊन लोकांचे आकडे लिहून घेणारा, बसायचा. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या दरांवर सुरू झालेला तो खेळ १९६० च्या दशकात कल्याण भगत आणि रतन खत्री यांच्या नावांनी घराघरात पोचला होता. त्या रायटरचा दर चाळीतल्या पोराटोरांनाही पाठ होता. एकेरी आकडा लागला तर नऊपट, जोडी लागली तर नव्वदपट. आकडे दहा, मिळणार नऊपट. जोड्या शंभर, मिळणार नव्वदपट. म्हणजे लावलेल्या दर शंभर रुपयांतले सरासरी नव्वद लोकांकडे परत येणार आणि दहा बुकीकडे राहणार. जुगाराच्या अड्ड्यावर मालक स्वतःसाठी जो वाटा काढतो, त्याला आपल्याकडे नाल म्हणतात. आज मी हाच शब्द वापरणार आहे. मटक्याची नाल दहा टक्के.

ऑनलाइन कॅसिनोवाले हीच गोष्ट उलट बाजूने सांगतात. ‘आमचा परतावा ९६ टक्के,’ असं ते म्हणतात. म्हणजे नाल चार टक्के. ऐकायला मटक्यापेक्षा किती तरी स्वस्त. इथे एक फरक मनात पक्का करून ठेवा, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. खेळ प्रामाणिक आहे का, हा एक प्रश्न. खेळ महाग आहे का, हा दुसरा. पहिला प्रश्न आकडा खरोखर यदृच्छेने पडतो का, याचा आहे. त्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा असतात, त्या प्रमाणपत्र देतात. दुसरा प्रश्न जिंकल्यावर किती मिळतं, याचा. कर पहिल्याला हात लावत नाही. तो दुसऱ्याला लावतो, आणि तोही असा की समोर बसलेल्याला पत्ता लागत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण जर्मनीचं आहे. १ जुलै २०२१ पासून तिथे नवा जुगार-करार लागू झाला आणि ऑनलाइन स्लॉट, म्हणजे ती चित्रांची फिरती चक्रं, देशभर परवान्याखाली कायदेशीर झाली. नियम कडक. एका फेरीला जास्तीत जास्त एक युरो. एक फेरी किमान पाच सेकंदांची. आपोआप फिरत राहण्याची सोय बंद. सगळ्या साइट मिळून महिन्याला सर्वसाधारणपणे हजार युरोच भरता येणार. आणि त्याच दिवसापासून कर आला ५.३ टक्के.

५.३ म्हणजे किरकोळ, असं वाटतं ना? आपण जीएसटीच्या १८ आणि २८ ला सरावलेली माणसं. पण हा कर कशावर आहे ते पाहा. तो कॅसिनोच्या कमाईवर नाही, लावलेल्या प्रत्येक डावावर आहे. हिशेब कर वजा करून उरलेल्या रकमेवर होतो, म्हणून एका युरोतून प्रत्यक्षात पाच सेंटांहून किंचित जास्त जातात. आता शंभर युरोंचे डाव घ्या. परतावा ९६ टक्के असेल तर कॅसिनोकडे राहिले चार. सरकारला द्यायचे पाच. चारातून पाच कसे देणार? गेम बनवणाऱ्या कंपनीचे पैसे, बँकेचं कमिशन, जाहिरात हे तर बाजूलाच राहिलं.

घाऊक साखरेच्या व्यापाऱ्याला विचारा. पोत्यामागे त्याला सुटतात जेमतेम रुपये, आणि उद्या कुणी नफ्यावर न बसवता पोत्याच्या किमतीवर पाच टक्के बसवले, तर तो एक तर दुकान बंद करेल नाही तर भाव वाढवेल. जकात भरलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. जर्मनीतल्या परवानाधारक कॅसिनोंनी भाव वाढवला. ९६ च्या आसपासचा परतावा बऱ्याच ठिकाणी ९० च्या, काही ठिकाणी ८८ च्या घरात आला. नाल चारावरून दहा-बारावर गेली. थेट मटक्याच्या पंगतीत.

हे करतात कसं? पडद्यावर तेच चित्र, तेच संगीत, तेच बक्षिसाचे आकडे. समजा तीन चक्रं आहेत आणि प्रत्येकावर तीस घरं, त्यातलं एक भाग्याचं. तिन्ही एकत्र यायची शक्यता २७,००० मध्ये एक. आता प्रत्येक चक्रात फक्त एक रिकामं घर वाढवा. एकतीस गुणिले एकतीस गुणिले एकतीस, म्हणजे २९,७९१. मोठ्या बक्षिसाची शक्यता एका फटक्यात नऊ टक्क्यांहून जास्त घटली आणि पडद्यावर काहीच बदललं नाही. हे माझं कल्पित यंत्र झालं. खऱ्या यंत्रांचा हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, पण तत्त्व हेच. गेम बनवणाऱ्या कंपन्या एकच खेळ ९६, ९४, ९१, ८७ अशा वेगवेगळ्या परताव्यांत तयार ठेवतात आणि कॅसिनो त्यातली एक आवृत्ती उचलतो. प्रत्येक आवृत्ती प्रयोगशाळेतून पास झालेली असते. ८७ वाल्या यंत्रात लबाडी काहीच नाही. ते फक्त महाग आहे आणि भावाची पाटी मदतीच्या पानात कुठे तरी आत लिहिलेली आहे.

आता कुणी म्हणेल, खेळणाऱ्याला कळेलच की पैसे लवकर संपतात. कळत नाही! लास वेगासच्या विद्यापीठातले अँथनी लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या कॅसिनोंत दिसायला सारखी पण वेगवेगळ्या परताव्याची यंत्रं ठेवून महिनोन्‌महिने नोंदी घेतल्या. लोक महाग यंत्र सोडून स्वस्त यंत्राकडे सरकले, असं काही दिसलं नाही. हे मला अजिबात आश्चर्याचं वाटत नाही. नशिबाचे चढउतार इतके मोठे असतात की त्यांच्या गोंगाटात आठ टक्क्यांचा आवाज ऐकूच येत नाही.

पण सरासरी काढली की तो ऐकू येतो. फळ्यावर लिहितो. शंभर युरो घेऊन एक माणूस बसला, प्रत्येक फेरीला एक युरो, मिळालेले पुन्हा लावत राहिला. नाल चार टक्के असेल तर शंभर युरो संपायला सरासरी २,५०० फेऱ्या लागतात. पाच सेकंदांची एक फेरी, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. नाल बारा टक्के असेल तर ८३३ फेऱ्या. सत्तर मिनिटांतच खेळ आटोपला. कायद्याने फेरी सावकाश केली, कराने खिसा भरभर रिकामा केला. एकाच दिवशी लागू झालेल्या दोन तरतुदी एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढताहेत.

त्याच फळ्यावर आणखी एक ओळ. जुन्या चार टक्क्यांच्या यंत्रावर हा माणूस २,५०० फेऱ्या खेळला तर सरकारचा कर होतो सुमारे १२५ युरो. अहो, त्याने हरले एकूण शंभरच! खेळणाऱ्याच्या संपूर्ण हारीपेक्षा कर जास्त. म्हणजे ९६ टक्क्यांचं यंत्र या कराखाली कागदावरसुद्धा उभं राहू शकत नाही. बारा टक्क्यांच्या यंत्रावर कर साधारण ४२ आणि कॅसिनोकडे ५८. आता गाडं चालतं.

याच्या शेजारी ब्रिटन ठेवा. तिथला कर डावावर नसतो, गल्ल्यावर असतो. लोकांनी लावलेल्या पैशांतून त्यांची बक्षिसं वजा करून कॅसिनोकडे जे उरलं, त्यावर. २०१९ च्या एप्रिलमध्ये तो १५ वरून २१ टक्के झाला. २०२५ च्या नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात १ एप्रिल २०२६ पासून ४० टक्के जाहीर झाला. ४० विरुद्ध ५.३, कुठला जड? वर्तमानपत्राचा मथळा ४० चाच होणार. पण मघाच्या ओळीकडे पुन्हा पाहा. बारा टक्क्यांच्या जर्मन यंत्रावर शंभरातले ४२ सरकारला गेले. ब्रिटनचा चाळीस आणि जर्मनीचा सव्वापाच वजनाला जवळजवळ सारखे.

फरक आहे तो वागणुकीत. गल्ल्यावरचा कर गल्ला असेल तरच लागतो, म्हणून तिथे चार टक्क्यांचं यंत्र जगू शकतं. शंभर पौंडांतले चार उरले, त्यातले २१ टक्के गेले, हाती राहिले ३ पौंड १६ पेन्स. कर ४० टक्के झाल्यावर तेवढेच हाती ठेवायचे असतील तर नाल ५.२७ वर न्यावी लागेल. म्हणजे परतावा ९६ चा ९४.७ होईल. तोही संपूर्ण बोजा खेळणाऱ्यावर टाकला तर. आधी बोनस कापता येतो, जाहिराती कापता येतात. धक्का बसतो, पण ९६ चं ८८ होण्याइतका नाही. म्हणून मला कुणी कराचा दर सांगितला की मी विचारतो, कशावर? दर नंतर सांगा.

फ्रान्सबद्दल एकच वाक्य, कारण ते गमतीचं आहे. तिथे ऑनलाइन कॅसिनोला परवानगीच नाही, पण खेळांवरच्या ऑनलाइन पैजांना २०१० पासून आहे आणि त्यांच्या परताव्यावर कायद्यानेच ८५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. परतावा फार वाढला की व्यसन आणि काळ्या पैशाची धुलाई वाढते, असा त्यामागचा विचार. उलट अमेरिकेत न्यू जर्सीत कॅसिनोच्या स्लॉटला किमान ८३ टक्के परतावा द्यावा लागतो, नेवाडात किमान ७५. एका सरकारला वाटतं लोकांना फार मिळू नये, दुसऱ्याला वाटतं फार कमी मिळू नये.

आता घराकडे येऊ. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २८ टक्के जीएसटी लागला. डावावर नाही, गल्ल्यावरही नाही. तिसरीच जागा शोधली, खात्यात भरलेल्या रकमेवर. शंभर रुपये भरले की करासह हिशेबाने २१ रुपये ८८ पैसे सरकारचे. बऱ्याच कंपन्यांनी तेवढे पैसे बोनस म्हणून परत खात्यात टाकले, म्हणजे कर स्वतः सोसला. जिंकलेल्या पैशाने पुन्हा खेळलं तर पुन्हा कर नाही. पण भरलेले पैसे न खेळता परत काढले तरी कर परत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून कौशल्य असो वा नशीब, पैसे लावायचे सगळे ऑनलाइन खेळच बंद केले. त्यामुळे कायदेशीर कॅसिनोपुरता हा हिशेब उरतो तो मुख्यतः गोव्यात मांडवी नदीवरच्या बोटी, तिथली पंचतारांकित हॉटेलं आणि सिक्कीममधले कॅसिनो यांच्यासाठी. तिथेही कर चिप्सच्या, म्हणजे पैसे देऊन घ्यायच्या खेळातल्या चकत्यांच्या, खरेदीवर आहे आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे.

पणजीच्या बोटीवर रुले घ्या, म्हणजे चेंडू कुठल्या आकड्यावर थांबतो त्यावर पैसे लावायचं फिरतं चाक. चाकावर ३७ घरं, एक शून्य धरून. एका आकड्यावर लावलं आणि लागलं तर ३५ पट, वर लावलेले परत. नाल २.७ टक्के. इथे चाकात गुपचूप अडतिसावं घर घालता येत नाही, सगळ्यांना दिसतं. आता समजा बोटवाल्याने दहा हजार रुपये घेऊन पूर्ण दहा हजारांच्या चिप्स दिल्या आणि कर पदरचा भरला. त्या दहा हजारांतले २,८५७ सरकारचे झाले. २.७ टक्के नालीने ते वसूल व्हायला टेबलावर एक लाखाहून जास्त रुपयांचे डाव पडायला हवेत. प्रत्येक चिप साडेदहा वेळा फिरायला हवी. म्हणजे गिऱ्हाईक लवकर उठणं बोटवाल्याला परवडतच नाही. जेवण फुकट, नाचगाणं फुकट, पहाटेपर्यंत बसा. जर्मन करामुळे मालकाला तुमचे पैसे पटकन संपायला हवेत आणि आपल्या करामुळे तुम्ही जागेवरून हलायला नको. दोन्हींत चेंडू प्रामाणिकपणेच फिरतो.

जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर लागतो, तो वेगळाच. लॉटरी किंवा कॅसिनोत जिंकलेल्यातून हरलेलं वजा करता येत नाही. सोमवारी लाख हरलात आणि मंगळवारी लाख जिंकलात तर तुमच्या मते बरोबरी, खात्याच्या मते लाखाचं उत्पन्न.

मागच्या रांगेतून मघाशी एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. ‘सर, म्हणजे चाळीखालचा तुमचा मटकेवाला बरा म्हणायचा का?’ (हशा.) त्याचा एक गुण मान्य करतो. भाव त्याने कधी लपवला नाही. आमच्या इथे नऊ म्हणजे नऊच. पण मी सुरुवातीला दोन प्रश्न वेगळे केले होते. आकडा कुठे निघतो, कोण काढतो, कुणी पाहिला, हे आमच्या चाळीत एकालाही माहीत नव्हतं. रात्री क्लोज, म्हणजे त्या दिवसाचा शेवटचा आकडा, आला की टपरीच्या फळीवर खडूने दोन आकडे लिहिलेले असायचे, तेवढंच.