डोळ्यातलं ०.१ मिली पाणी: युव्हायटिसमागचा जंतू कसा शोधतात

[दृश्य: अंधारलेली खोली. स्लिट लॅम्पची (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाची) अरुंद प्रकाशरेषा डोळ्यावर.]

डोळा लाल आहे, उजेड सहन होत नाही, नजर धुरकट झाली आहे. पण चिपडं नाहीत, आणि घरात दुसऱ्या कुणाचे डोळे आलेले नाहीत. असा रुग्ण बहुतेक वेळा मेडिकलमधून आणलेले थेंब आठवडाभर घालून मगच दवाखान्यात येतो. त्या थेंबांत स्टिरॉइड असलं तर लाली उतरलेली असते आणि निदान आणखी अवघड झालेलं असतं.

झोत १ मिमी बाय १ मिमी इतका लहान करायचा, तिरका धरायचा. कॉर्नियामागच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागच्या) पाण्यात उन्हाच्या तिरिपेतल्या धुळीसारखे कण फिरताना दिसतात. या पांढऱ्या पेशी. तेवढ्या चौकोनात ६ ते १५ दिसल्या तर एक प्लस, १६ ते २५ तर दोन, पन्नासच्या वर चार प्लस. हा युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांचा दाह.

[दृश्य: कापसाची बारीक वात कॉर्नियाच्या कडेला टेकते.]

तपासणीचा क्रम इथे फार महत्त्वाचा. कॉर्नियाची संवेदना कापसाच्या वातीने आधी तपासायची. डोळा बधिर करणारा थेंब पडला की ती माहिती गेलीच. पेशींची मोजणीही बाहुली मोठी करण्याआधी करायची, कारण नंतर आयरिसमधून (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यातून) सुटलेले रंगकण पेशींसारखे दिसतात. संवेदना कमी, डोळ्याचा दाब वाढलेला, आयरिसचा एखादाच भाग झिजलेला, कपाळावर जुन्या नागिणीचे डाग: हे सगळं नागीण किंवा हर्पिसच्या विषाणूकडे बोट दाखवतं. दाब चाळीस-पन्नास मिमी पाऱ्यावर, पण डोळा जवळपास पांढरा आणि कॉर्नियाच्या आतून नाण्यासारखे गोल ठिपके, असं चित्र असेल तर सायटोमेगॅलोव्हायरसचा (हर्पिसच्याच कुळातल्या विषाणूचा) संशय घ्यायचा. हा विषाणू फक्त एड्सच्या रुग्णांना त्रास देतो, हा समज इथे महागात पडतो.

प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या, धडधाकट माणसाला जंतूमुळे युव्हायटिस झाला, तर डोळ्यात जंतू थोडे असतात आणि दाह भरपूर. बराचसा गोंधळ शरीरानेच जंतूंशी लढताना घातलेला असतो. म्हणून जंतू थेट हाती लागेलच असं नाही. पुष्कळदा त्याच्याविरुद्ध बनलेल्या प्रतिपिंडांवरून (अँटिबॉडींवरून) त्याला ओळखावं लागतं. अर्थात प्रतिकारशक्ती चांगली आहे हे गृहीत धरायचं नाही. एचआयव्हीची तपासणी प्रत्येकाची करायची.

[दृश्य: बाहुली मोठी केल्यावर रेटिनाचा (डोळ्याच्या मागच्या पडद्याचा) फोटो. जुन्या काळपट वणाशेजारी पांढरा, कडा पुसट असलेला डाग.]

हा टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूचा नेहमीचा चेहरा: जुना वण आणि त्याला चिकटून नवा डाग. रक्तातली आयजीजी (लागणीनंतर टिकून राहणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आली, तर कधीतरी लागण झाली होती एवढंच कळतं. भारतात अशी माणसं पुष्कळ आहेत. निगेटिव्ह आली तर मात्र टॉक्सोप्लाझ्माची शक्यता फार कमी होते. म्हणजे इथे पॉझिटिव्हपेक्षा निगेटिव्ह रिपोर्ट जास्त कामाचा.

क्षयाबाबतही हाच पेच. मान्टू या क्षयासाठीच्या कातडीवरच्या चाचणीत ४८ ते ७२ तासांनी कातडीचा टणक भाग मोजायचा, लाली नाही. पण आपल्याकडे चाचणी पॉझिटिव्ह येणं नवल नाही, आणि छातीचा एक्स-रे नॉर्मल असला म्हणून डोळ्याचा क्षय नाही असंही नाही. सिफिलिससाठी व्हीडीआरएल या एकट्या रक्तचाचणीवर थांबू नये. जुन्या आजारात ती निगेटिव्ह येऊ शकते. टीपीएचए ही दुसरी रक्तचाचणी जोडीला हवीच.

[दृश्य: छोटी शस्त्रक्रिया खोली. स्पेक्युलम (पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा) लावलेला डोळा.]

रक्ताने उत्तर दिलं नाही की डोळ्यातलं पाणी काढायचं. बधिर करणारे थेंब, मग जंतुनाशक म्हणून ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन, दोन-तीन मिनिटं थांबणं. ३० गेजची (अगदी बारीक) सुई जोडलेली इन्सुलिन सिरिंज उत्तम, कारण तिच्या बुडाशी नमुना वाया जात नाही. कॉर्नियाच्या कडेवरून सुई आत, आयरिसला समांतर. टोक आयरिसच्या वरच ठेवायचं, बाहुलीकडे न्यायचं नाही. तिथे खाली भिंग उघडं असतं. ०.१ ते ०.१५ मिली पुरे. घाईने ओढलं तर पुढची जागा कोसळते आणि आयरिस सुईवर येतो.

आता या थेंबाची वाटणी. एक भाग पीसीआरला (जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला), एक प्रतिपिंडांना, आणि त्याच दिवशी रक्त. रक्त विसरलं तर दुसरा भाग फुकट गेला. समजा, डोळ्यात टॉक्सोप्लाझ्माविरुद्धची आयजीजी १२, एकूण आयजीजी २०. रक्तात ८० आणि १२००. डोळ्याचं गुणोत्तर ०.६, रक्ताचं ०.०६७. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ९. हा गोल्डमन-विटमर गुणांक. तो तीनच्या वर गेला, तर प्रतिपिंडं रक्तातून झिरपलेली नाहीत, डोळ्यातच बनली आहेत. धडधाकट माणसाच्या टॉक्सोप्लाझ्मात पीसीआर निगेटिव्ह असताना हा आकडा निदान पक्कं करू शकतो. विषाणूंचं गणित निराळं: पहिल्या दिवसांत पीसीआर, उशिरा आलेल्या रुग्णात प्रतिपिंडं.

रेटिनाच्या कडेला पांढरे चट्टे असतील, ते भराभर गोलाकार पसरत असतील आणि धमन्या बंद पडत असतील, तर रिपोर्टची वाट पाहायची नाही. नमुना घ्यायचा आणि त्याच दिवशी अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करायचं. नुसतं स्टिरॉइड दिलं तर विषाणूला रान मोकळं.

[दृश्य: व्हिट्रेक्टॉमीची (डोळ्यातली जेली काढायच्या शस्त्रक्रियेची) तयारी.]

तरीही काही सापडलं नाही, रुग्ण पन्नाशी ओलांडलेला आहे आणि स्टिरॉइड थांबवलं की आजार उलटतो, तर लिम्फोमाचा (पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाचा) विचार करायचा. तेव्हा डोळ्यातल्या जेलीचा नमुना लागतो. स्टिरॉइड शक्यतो आधीच बंद करायचं, आणि सलाइनचं इन्फ्यूजन सुरू होण्यापूर्वी साधारण १ मिली जेली सिरिंजमध्ये घ्यायची. इन्फ्यूजन आधी सुरू झालं तर पेशी पाण्यात विरळ होतात आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो: 'काही आढळलं नाही'.